आबांच्या फोटोमागचा डोंगर

सुवॉन, दक्षिण कोरिया

प्रिय दत्ता,

तुझं पाकीट मिळालं. आबांचा फोटो मी इतक्या वेळा बघितलाय की आता डोळे मिटले तरी दिसतो. तंबूंची रांग, समोर मोठ्या पातेल्याशेजारी उभे आबा, अंगात ढगळा कोट, मागे डोंगराची एक रेघ. लहानपणी तुमच्या सोप्यात बसून ते सांगायचे, "मी कोरियात पाच-सहा महिने राहिलो, पण कोरियाच्या मातीला पाय लावला नाही," आणि आपण दोघं हसायचो. म्हातारा काहीतरी रचून सांगतोय असंच वाटायचं.

ते खरं बोलत होते. आज पत्र लिहायला बसलो ते आधी एवढंच सांगायला.

१९५३ मध्ये आबा ज्यात होते ती आपली कस्टोडियन फोर्स, म्हणजे कोरियन युद्धातले कैदी सांभाळायला गेलेलं भारतीय दल, जहाजांनी इंचॉनला पोचली तेव्हा दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी ठणकावून सांगितलं होतं की भारतीय सैनिकाला आमच्या भूमीवर उतरू देणार नाही. त्यांच्या मते आपण कम्युनिस्टांचे मित्र. मग अमेरिकनांनी आपले ५-६ हजार जवान हेलिकॉप्टरमधून थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले. त्या पट्ट्यात आपण तंबू ठोकले आणि छावणीचं नाव ठेवलं हिंदनगर. ती जमीन उत्तरेचीही नव्हती, दक्षिणेचीही नव्हती. आबा म्हणायचे ते शब्दश: खरं होतं रे. आपण हसलो त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

फोर्सचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. वर तटस्थ राष्ट्रांचा आयोग, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. काम काय, तर घरी परत जायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी सांभाळायचे. त्यांत साधारण १४,७०० चिनी आणि ७,९०० कोरियन. चीन आणि उत्तर कोरियानं पकडलेले, परत जायला नकार देणारे फक्त ३५९, त्यांत २३ अमेरिकन. युद्ध थांबवायच्या वाटाघाटी दीड वर्ष याच एका मुद्द्यावर अडून बसल्या होत्या, की कैद्यांना सक्तीनं परत पाठवायचं की त्यांना विचारायचं. दीड वर्ष, आणि तेवढ्या काळात तिकडे डोंगरांवर माणसं मरतच होती.

तू पत्रात विचारलंस, "एकाच रक्ताची माणसं, एकच भाषा, मग हे अजून एक का होत नाहीत? मोठे देश तरी समजूत का घालत नाहीत?" माझ्या डोक्यातही इथं आलो तेव्हा हाच प्रश्न होता. सात वर्षं राहिल्यावर मला वाटतं की प्रश्नच उलटा आहे. या माणसांना कधी कुणी विचारलंय का?

१९०५ बघ. जुलैत अमेरिकेचे युद्धमंत्री टाफ्ट टोकियोत जपानच्या पंतप्रधानांना भेटतात आणि बोलणं होतं ते असं, की कोरियावर जपानचा वरचष्मा अमेरिकेला चालेल आणि जपान फिलिपाइन्सकडे डोळा ठेवणार नाही. याच अमेरिकेनं १८८२ मध्ये कोरियाशी करार केला होता, त्यात अडचणीत मध्यस्थी करू असं लिहिलेलं होतं. १९०५ च्याच नोव्हेंबरमध्ये जपाननं कोरियाचं परराष्ट्र खातंच काढून घेतलं. कोरियाच्या राजानं १९०७ साली गुपचूप तीन दूत हेगच्या शांतता परिषदेला धाडले. पार सायबेरियातून रेल्वेनं गेले बिचारे. परिषदेत त्यांना आत घेतलं नाही. तुमचे परराष्ट्र व्यवहार जपान बघतो, तुम्ही कोण, असं. त्यांतला यी जून नावाचा दूत हेगमध्येच वारला आणि राजाला गादी सोडावी लागली. १९१० मध्ये देशच जपाननं गिळला.

पुढे १९४३ मध्ये कैरोत रूझवेल्ट, चर्चिल आणि चीनचे चिआंग कै-शेक ठरवतात की कोरिया 'यथावकाश' स्वतंत्र होईल. त्या एका शब्दावर इथले जाणते लोक अजून चिडतात. आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये, जपान शरण येतोय असं दिसल्यावर, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्री दोन तरुण कर्नलांना सांगितलं गेलं की रशियनांनी कुठं थांबायचं ते ठरवा, अर्ध्या तासात. रशियन फौजा कोरियात शिरलेल्या होत्या, अमेरिकन अजून दूर होते. त्यांच्यापुढे नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. सोल आपल्याकडे यावं म्हणून त्यांनी ३८ वा अक्षांश धरला. त्यांतले डीन रस्क पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. ही हकिगत त्यांनी स्वत:च सांगून ठेवली आहे. स्टालिननं ती रेघ मुकाट्यानं मान्य केली. नद्या, शेतं, गावं सगळं त्या रेघेखाली आलं, पण खोलीत एकही कोरियन नव्हता.

आता कोरियन नेते निर्दोष होते असं म्हणायला मी तयार नाही. उत्तरेचा किम इल-सुंग स्टालिनकडे खेटे घालून हल्ल्याची परवानगी मागत होता. ती मिळाल्यावर २५ जून १९५० ला त्यानं रणगाडे घातले. ऱ्हींनाही उत्तर जिंकून घ्यायचीच होती. युद्धबंदी होऊ नये म्हणून त्यांनी जून १९५३ मध्ये सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले. दोघांनी आपल्या भांडणात बाहेरच्यांना हाताला धरून आणलं. पण आणलेले पाहुणे मग स्वत:च्या हिशेबानं वागले. अमेरिकेनं उत्तरेतली शहरं बॉम्बनी भुईसपाट केली, चीननं लाखो माणसं या लढाईत ओतली, आणि २७ जुलै १९५३ ला पानमुनजॉम या गावी युद्धबंदीवर सह्या झाल्या तेव्हा दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकमेकांशी एक शब्द न बोलता उठून गेले. दक्षिण कोरियानं त्या कागदावर सहीच केली नाही. तो कागद आजही फक्त युद्धबंदीचा आहे. शांततेचा तह झालेलाच नाही.

कोरियन भाषेत एक म्हण आहे, देवमाशांच्या झुंजीत झिंग्याची पाठ फुटते. आपल्याकडे दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथल्या लोकांना असला लाभ कधी दिसलेला नाही.

पण मला सांगायचंय ते आमच्या हाल्मोनीबद्दल. हाल्मोनी म्हणजे आजी. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो ते घर तिचं. ऐंशी ओलांडली, पण जिना चढून मला किमची द्यायला येते. ती केसाँगची. दत्ता, हे केसाँग नीट लक्षात घे. ते ३८ व्या अक्षांशाच्या दक्षिणेला आहे. म्हणजे १९४५ ते १९५० हे गाव दक्षिण कोरियात होतं. युद्धबंदीची रेघ मात्र अक्षांशावरून नाही, सैन्य जिथं उभं होतं तिथून गेली, आणि केसाँग उत्तरेत गेलं. एकाच गावाला दोन रेघा आडव्या आल्या. १९५१ च्या कडाक्याच्या थंडीत हाल्मोनी सहा वर्षांची होती. आई आणि भाऊ यांच्याबरोबर ती दक्षिणेला निघाली. वडील म्हाताऱ्या आईसाठी मागे थांबले. म्हणाले, चार दिवसांत या परत.

त्याच वर्षी जुलैत युद्धबंदीच्या वाटाघाटी सुरू झाल्या त्या केसाँगमध्येच. पुढे त्या पानमुनजॉमला हलल्या. पण त्यापायी केसाँगवर बॉम्ब पडले नाहीत आणि तिथली जुनी कौलारू घरं वाचली. म्हणजे हाल्मोनीचं घर बहुधा अजून उभं आहे. ते पडलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला एकदा म्हणाली.

२००७ च्या डिसेंबरपासून साधारण वर्षभर दक्षिणेतल्या लोकांसाठी केसाँगची एका दिवसाची सहल निघायची. हाल्मोनी गेली होती. सकाळी बस, जुना दगडी पूल, धबधबा, पितळी वाट्यांतलं जेवण, संध्याकाळी परत. सोबत उत्तरेचे मार्गदर्शक. बस तिच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. तिनं खिडकीच्या काचेला हात लावला आणि खाली ठेवला. उतरू द्या म्हणता आलं नाही, ओरडता आलं नाही, रडताही आलं नाही, कारण रडलं तर लोक विचारणार. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्या सहली बंद झाल्या. केसाँगजवळ दक्षिणेचे कारखाने आणि उत्तरेचे कामगार असा औद्योगिक पट्टा होता, तोही २०१६ मध्ये बंद पडला. तिथं उभारलेलं दोन्ही सरकारांचं संपर्क कार्यालय उत्तरेनं २०२० मध्ये स्फोटकांनी उडवलं.

वडिलांना भेटायला म्हणून तिनं नाव नोंदवलं होतं. असे १ लाख ३० हजारांहून जास्त अर्ज दक्षिणेत आले. २००० ते २०१८ या काळात समोरासमोर भेटी झाल्या २१ वेळा, दर वेळी साधारण शंभर-शंभर कुटुंबं, संगणकावर चिठ्ठी काढून. तिचा नंबर कधी लागला नाही. अर्ज करणारे बहुतेक जण आता हयात नाहीत. वडील तर असणं शक्यच नाही. पण ती अर्ज मागे घेत नाही.

गेल्या आठवड्यात चुसॉक झाला, त्यांचा पितरांचा आणि सुगीचा सण. तांदळाच्या पिठाच्या पारीत सारण भरून पाइनच्या पानांवर वाफवतात, सोंगपियॉन म्हणतात. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला आईचे उकडीचे मोदक आठवून गळा दाटून आला. त्या दिवशी मी हाल्मोनीला घेऊन इमजिनगाकला गेलो. इमजिन नदीच्या काठी, हद्दीच्या अलीकडे, उत्तरेतून आलेल्यांसाठी एक वेदी आहे. गावी जाऊन थडग्यापुढे वाकता येत नाही म्हणून म्हातारी माणसं तिथून उत्तरेकडे तोंड करून वाकतात. फळं मांडतात, दारू ओततात. जवळच गोळ्यांनी चाळण झालेलं गंजकं वाफेचं इंजिन ठेवलंय आणि काटेरी कुंपणाला हजारो रंगीत फिती बांधल्यात. हाल्मोनी वाकली, उठायला तिला माझा हात लागला. तिथल्या गर्दीत मी तिशीतला माणूस जवळजवळ एकटाच होतो. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांना उत्तर कोरिया म्हणजे क्षेपणास्त्राची बातमी, बाकी काही नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना मागे ठेवलेलं कुणी नाही.

आणि आता तर उत्तरेच्या किम जाँग-उननं २०२३ च्या अखेरीस जाहीरच केलं की एकत्रीकरण वगैरे संपलं, दक्षिण हा शत्रू देश. प्योंगयांगमधली एकीकरणाची कमान पाडली. २०२४ मध्ये रशियाशी तह केला, युक्रेनच्या युद्धात आपली पोरं पाठवली. इकडे दक्षिणेत २८,५०० अमेरिकन सैनिक आहेत, आणि तिचा सर्वांत मोठा व्यापार मात्र चीनशी. मला खरोखर भीती वाटते, दत्ता. मोठ्यांच्या पटावर या देशाच्या सोंगट्या पुन्हा मांडल्या जात आहेत आणि हाल्मोनीसारखी, समोरच्या बाजूला शत्रू नाही तर बाप राहतो असं म्हणणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.

म्हणून मी हिंदनगरचा इतका विचार करतो. तिथं तंबूत एकेका कैद्याला आणायचे. त्याच्या बाजूचे अधिकारी परत चल म्हणून समजवायचे, आयोगाची माणसं बसलेली असायची, आपले जवान उभे. तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एक परतीचं, एक नकाराचं. साध्या माणसाला, शिपायाला, 'तुला कुठं जायचंय?' असं जगानं विचारलं ते तिथं. तेही नीट विचारता आलं नाही. छावणीत दोन्हीकडचे दादा होते, धाकदपटशा होता, खूनही पडले. एकदा कैद्यांनी आपला एक अधिकारी ओढून आत नेला तर थोरात स्वत: निशस्त्र आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. पण या समजावणीसाठी ठरलेले नव्वद दिवस संपले तेव्हा बहुतेकांना विचारायचं राहूनच गेलं होतं. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी त्यांना ज्याच्या ताब्यातून घेतलं त्याच्याकडे परत दिलं.

आणि ८८ जण असे निघाले की ते म्हणाले, उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको, तैवानही नको. त्यांत ७६ कोरियन. आपलं सैन्य परतताना त्यांना बोटीनं मद्रासला घेऊन आलं. पुढे बरेच ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. आबा त्या बोटीवर होते का रे? ते एका कोरियन पोराबद्दल बोलायचे, जो लंगरात येऊन कांदे सोलायचा आणि गावाचं नाव विचारलं की गप्प व्हायचा. मला तो या ७६ मधला असावा असं वाटतं. नक्की कळायला आता मार्ग नाही.

आता मुद्द्याचं. तुझा फोटो मी हाल्मोनीला दाखवला. आबांकडे तिनं पाहिलंच नाही. भिंग आणून ती मागच्या डोंगराच्या रेघेवर टेकली. कितीतरी वेळ. मग म्हणाली, हा सोंगाक. केसाँगच्या मागचा डोंगर, गरोदर बाई उताणी निजावी तसा दिसतो. तिच्या घराच्या अंगणातून तो दिसायचा. हिंदनगर त्या पट्ट्यातच होतं, त्यामुळे अशक्य नाही. मला त्या पुसट रेघेत काही ओळखू आलं नाही. तिला आलं.

तिला तो फोटो मोठा करून हवाय. तू पाठवलेल्या प्रतीत डोंगर फार धूसर आहे. मूळ फोटो आबांच्या ट्रंकेत असेल तर राजारामपुरीत जाऊन चांगला स्कॅन करून घे, वरचा भाग कापू देऊ नकोस. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असलं, तारीख, जागा, अगदी एखादं अक्षर, तर तेही पाठव. कोरियन नववर्षाच्या, सॉल्लालच्या आत मिळालं तर त्या दिवशी पितरांच्या पूजेत ती तो मांडणार आहे, वडिलांचा फोटो तिच्याकडे नाही म्हणून.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विलास