१०६:१६:१ वरून परत भांडण

प्रिय बाळ्या,

इतके महिने गप्प बसलो म्हणून एकदाच्या शिव्या देऊन घे आणि मग वाच. बीपी कंट्रोलमध्ये, आईचा गुडघा जैसे थे. आपलं ते समुद्राच्या आकड्यांवरचं भांडण परत निघालं, पण इथं कोणाले सांगितलं तं म्हणतील, नागपुरात समुद्र कुठून आणला बे, फुटाळ्यावर जाऊन बस.

मॉडरेशनला होतो, म्हणजे तपासलेले पेपर परत पाहायले. प्रश्न होता, समुद्री फायटोप्लँक्टनमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं प्रमाण किती. मॉडेल आन्सर १०६:१६:१, म्हणजे रेडफिल्डचं प्रमाण, बस. एका पोरीनं लिहिलं की ही सरासरी आहे, ध्रुवांकडच्या थंड, पोषक पाण्यात साधारण ७८:१३:१, आणि उष्ण, उपाशी पाण्यात १९५:२८:१ पर्यंत जाते. परीक्षकानं लाल पेनानं भलामोठा भोपळा दिला! मले तूच दिसला, धरमपेठच्या टपरीवर "रेडफिल्ड म्हणजे संविधान आहे" म्हणून बोंबलताना. अबे, संविधानातही दुरुस्त्या होतात. हे प्रमाण बदलते का, त्या पैजेचे चहाचे पैसे अजून बाकी आहेत तुझ्याकडे.

पण जिंकल्याचा आनंद नाही होऊन राहिला. तिनं कारणंही लिहिली होती. वरचं पाणी तापलं की हलकं होऊन झाकणासारखं बसते, खालचं नायट्रेट-फॉस्फेट वर येत नाही. मग पेशी काटकसर करते, आवरणातले फॉस्फरसवाले लिपिड (चरबीसारखे रेणू) काढून गंधकवाले लावते, गंधक समुद्रात हवं तेवढं. शिवाय गरम पाण्यात प्रथिनं भराभर बनतात, म्हणून ते बनवणारे रायबोसोम कमी लागतात, आणि पेशीतला बराचसा फॉस्फरस तं तिथंच असते ना. इथं मी पेन खाली ठेवला. आपल्या वर्गात हे कोणी लिहिलं असतं का, तू तं नाहीच.

एक बरं की तेवढ्याच फॉस्फरसमागे जास्त कार्बन खोल समुद्रात जाऊ शकते. पण हे फायटोप्लँक्टन खाणाऱ्या कोपेपॉडचं, त्या इवल्याशा कवचवाल्या जीवांचं काय? चणे नसलेल्या पोह्यांची प्लेट, पोट भरते, अंग धरत नाही. जास्तीचा कार्बन श्वासातून बाहेर टाकतात, वाढ मंदावते, आणि त्यांच्यावर जगणारी मासळी? हे डोक्यातून जातच नाही, आणि इथं मी मार्कांवरून भांडत बसलो.

वरून सांगतात, मॉडेल आन्सरबाहेर जाऊ नका, नाही तं सगळे गठ्ठे परत उघडावे लागतील. काहून नाही उघडायचे? मी पूर्ण मार्कांची शिफारस लिहून टाकली, सोमवारी मीटिंग आहे, बहुतेक आपलंच डोकं खातील.

तुझ्या घराच्या लोनचं काय झालं? पोरगी बारावीत ना, तिले वहिनीच्या तावडीतून जरा सोडव. दिवाळीत आला की संत्रा बर्फी माझ्याकडून, चहा तुझा.

सोमवारी संध्याकाळी फोन उचल, मीटिंगमध्ये आहे म्हणून कापू नको.

तुझा,
पक्या