ओसाकातल्या खंजिऱ्या

ओसाका, जपान

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. "तिकडं आपले पिक्चर लागतात का गं?" असं विचारलंय तुम्ही. लागतात! वर ‘मसाला’ नावाचे खास खेळ असतात. मागच्या शनिवारी मी ओसाकाजवळ आमागासाकीला ‘आरआरआर’च्या अशाच एका खेळाला गेले होते.

एरवी इथं शेवटची पाटी पडद्यावरून जाईपर्यंत कुणी उठत नाही की बोलत नाही. त्या रात्री मात्र हाताहातांत खंजिऱ्या आणि पिशव्यांत रंगीत कागदाचे बारीक तुकडे. पडद्यावर ते दोघं हिरो, एक घोड्यावरून नि एक मोटारसायकलवरून, दोराला लटकून पुलावरून झेपावले, आगीतलं पोरगं वाचवलं आणि पुलाखाली एकमेकांचा हात धरला, तेव्हा अख्खं थिएटर ओरडलं. शेजारी साडी नेसून आलेल्या एक जपानी आजी होत्या, त्या गाण्याला उठून नाचल्या. मग मीही. खेळ संपल्यावर सगळ्यांनी वाकून कागद गोळा केले. तुम्हाला ते लई आवडलं असतं.

ऑफिसातला आपल्याकडचाच एकजण म्हणाला, "असले पिक्चर डोकं घरी ठेवून बघायचे." मला नाही पटत, मामा. तुम्ही आम्हा पोरांना जत्रेतल्या तंबूत ‘अमर अकबर अँथनी’ दाखवला होता. तीन भाऊ शेजारी शेजारी झोपलेत, तिघांचं रक्त नळ्यांतून वर चढून एका बाटलीत जातंय आणि तिथून आईच्या अंगात. रक्त असं वर चढत नसतं, हे दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक. तरी तुमचे डोळे भरले होते. ताटातूट झालेले, तीन धर्मांत वाढलेले, एकमेकांना न ओळखणारे तिघं, आणि आई एकच! दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी सगळं त्या एका बाटलीत ओतलं होतं. ते कळायला डोकं लागतं आणि काळीजही. पुढं साईबाबांच्या मूर्तीच्या डोळ्यांतून ज्योती निघून आईच्या डोळ्यांत गेल्या, तेव्हा तंबूतल्या बायकांनी हात जोडले. आपल्या पैठणच्या नाथांच्या भारुडात विंचू चावतो, तेव्हा विष किती चढलं हे कोण मोजत बसतं?

1977 या एकाच वर्षात देसाईंचे चार पिक्चर आले. असल्या गोष्टींवर स्वतःचाच विश्वास नसलेल्या माणसाला हे जमणार नाही.

सगळेच चांगले असतात असं नाही. हिरोनं शंभर माणसं लोळवली, पण त्यामागं आई नाही, बहीण नाही, दोस्त नाही, तर मला कंटाळा येतो. नुसता दणदणाट म्हणजे मसाला नव्हे.

आणि हो, त्या आजींना रजनीकांत पाठ आहे! त्याचा ‘मुत्तू’ 1998 मध्ये जपानात लागला आणि असा चालला की त्याचा कमाईचा विक्रम मोडायला ‘आरआरआर’ यावा लागला. रजनीकांत मूळचा मराठी घरातला, शिवाजीराव गायकवाड, हे मी सांगितलं तर त्यांनी माझाच हात हातात घेतला.

येळवसाच्या सणाला शेतात जाल तेव्हा भज्जी आणि आंबील माझ्या वाटणीचीही खा. मी मार्चमध्ये येतेय. लातूरला जो दणकेबाज पिक्चर लागलेला असेल त्याची पुढच्या रांगेतली तिकिटं काढा. मामीला बाल्कनी लागते, पण यंदा तिलाही खाली बसवू.

तुमची लाडकी भाची