दही का लागलं नाही

कोपनहेगन

ती. बाबांस साष्टांग नमस्कार वि. वि.

काल फोनवर आई म्हणाली, दोन दिवस दहीच लागलं नाही, विरजण दोनदा घातलं तरी दूध तसंच. तुम्ही दोष थंडीला दिलात. तेवढ्यात मागून दादा बोलला, ‘तांबडीला दगडी झाली होती, आता बरी आहे.’ फोन ठेवल्यावर मी दोन्ही जुळवलं. फोनवर दादा मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

कास सुजली म्हणून त्याने तांबडीच्या सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या असणार. त्यातलं अँटिबायोटिक दुधात उतरतं आणि विरजणाचे जिवाणू वाढू देत नाही. उकळून उपयोग नाही. उकळीने जंतू मरतात, औषध बरंचसं तसंच राहतं. शेवटच्या ट्यूबनंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, ते खोक्यावर छापलेलं असतं. दर औषधाचं वेगळं, म्हणून मी इथून आकडा सांगत नाही. दादाला खोका शोधायला लावा. आणि एकाच सडात औषध घातलं असलं तरी चारही सडांचं दूध वेगळं काढायचं, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांत पोचतं.

ते दूध वासरालाही पाजू नका. दादाला हे पटणार नाही, ठाऊक आहे. पण थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं की आतड्यातले दुबळे जिवाणू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. तिथून शेणात, गोठ्यात, आपल्या हातावर. वर ही कला ते शेजारच्या जिवाणूलाही देऊन टाकतात, अगदी दुसऱ्या जातीच्या.

तुम्ही मागे विचारलं होतंत, ‘जनावरांची डॉक्टर ना तू, मग जनावराला हात कधी लावतेस?’ वर्षभरात एकदाही नाही, बाबा. माझ्याकडे कत्तलखान्यातून डुकरांच्या आतड्यातले नमुने येतात. त्यातले जिवाणू वाढवून ९६ खळग्यांच्या, तळहाताएवढ्या प्लेटमध्ये घालते. प्रत्येक खळग्यात औषध आधीच्या दुप्पट. रात्रभर उबेला ठेवायचं आणि सकाळी प्लेट उजेडासमोर धरायची: गढूळ खळगा म्हणजे जिवाणू वाढले, स्वच्छ म्हणजे औषध जिंकलं. कधी कधी ओळीच्या शेवटापर्यंत सगळं गढूळ दिसतं. इतक्या वर्षांनीही तेव्हा पोटात गोळा येतो.

मग ते जिवाणू उणे ८० अंशांत गोठवायचे. हा साठा कशाला, ते २०१५ मध्ये कळलं (मी तेव्हा इथे नव्हते). कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. त्याला न जुमानणारं आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक चीनमध्ये सापडल्याची बातमी त्या नोव्हेंबरात आली. इथल्या लोकांनी लगेच साठवलेल्या जिवाणूंच्या नोंदी चाळल्या. ते जनुक इथे आधीच येऊन बसलेलं: एका रुग्णाच्या रक्तातल्या जिवाणूत आणि २०१२ ते २०१४ मध्ये बाहेरून आलेल्या कोंबडीच्या मांसात. आपल्याकडे भारतात खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली, ते बरं झालं.

डेन्मार्कमध्ये औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची ही मोजणी १९९५ पासून चालू आहे. त्याच वर्षी त्यांनी जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात घालायचं अॅव्होपार्सिन हे अँटिबायोटिक बंद केलं, आणि त्याच सुमारास पशुवैद्यांनी औषध विकून नफा कमावण्यालाही लगाम घातला. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. माझ्या पहिल्या नोकरीत दवाखान्याची निम्मी मिळकत औषधांवर होती. सुई टोचली नाही तर मालक म्हणायचा, बाईंना काही येत नाही. मग मीही टोचायचे. नमुना तपासायला पाठवला असेल तो दहातून एकदा. त्या इंजेक्शनांचा हिशेब माझ्याकडे नाही. इथे मात्र प्रत्येक गोठ्याचा असतो.

दादाला रागावू नका. पुढच्या वेळी ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन तपासायला द्यायचा, एवढंच कबूल करून घ्या. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर कुठे द्यायचा ते सांगतील.

आणि आईला सांगा, तिचं विरजण आता कामातून गेलं असणार. शेजारून नवं आणायचं, आणि तांबडीचं दूध त्याला इतक्यात दाखवायचं नाही.

तुमची,
धाकटी