खडा काढला, पण तपासला काहून नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या मानेवाड्यात उन्हाळा लागला की कोणाला ना कोणाला मुतखडा (स्टोन) होतोच, पण साडेचार वर्षांच्या लेकराला पण होईल हे डोक्यातच आलं नाही. मागच्या एप्रिलमध्ये पोरगं सारखं बेंबीजवळ हात धरून पोट दुखते म्हणायचं, उलट्या करायचं, जंताचं औषध देऊन झालं, नजर काढून झाली. मग एक दिवस लघवी काळ्या चहासारखी दिसली तेव्हा सोनोग्राफी केली, तर किडनीतून खाली येणाऱ्या नळीत ८ एमएमचा खडा. बारके खडे पुष्कळदा आपोआप पडतात, पण हा अडकला होता, किडनीला सूज आली होती, म्हणून दुर्बिणीतून लेझरनं फोडून काढला.

ऑपरेशन चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण खड्याचा चुरा डबीत आम्हाला दाखवला अन् तिथंच फेकला. डिस्चार्ज कार्डावर फक्त भरपूर पाणी पाजा.

दिवाळी होत नाही तो दुसऱ्या किडनीत खडा! यावेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, आधीचा खडा तपासला का? मला तिथंच रडू आलं. मग २४ तासांची लघवी कॅनमध्ये गोळा केली, एवढ्याशा पोराच्या मागं दिवसरात्र भांडं घेऊन फिरलो, तेव्हा कळलं लघवीत सिट्रेट, म्हणजे खडा होऊ न देणारा घटक, कमी आहे. लहान मुलांत बरेचदा असं आतलं काही कारण असतं, कोणाच्या लघवीत कॅल्शियम जास्त जाते, कोणाला सिस्टिन नावाचा घटक लघवीत जास्त जायचा जन्मजात त्रास, अन् प्रत्येकाचं औषध वेगळं. आता सिट्रेटचं सिरप सुरू आहे.

आणखी एक, घरच्यांनी पोराचं दूध बंद केलं होतं, कॅल्शियमनं खडा होते म्हणून. डॉक्टर रागावलेच. जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्सलेटला (कॅल्शियमसोबत मिळून खडा बनवणारा घटक) धरून ठेवते, ते कमी झालं की ऑक्सलेट लघवीत जास्त उतरते. बंद करायचं तर मिठाचे चिप्सचे पुडे करा म्हणाले, मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम पण जास्त जाते.

आपल्या पेपरमधून सगळ्या हॉस्पिटलांना माझी हात जोडून विनंती आहे, लहान मुलाचा खडा काढला तर तो तपासणीला पाठवा आणि लघवीची तपासणी कधी करायची ते डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या. अन् आईबापांनो, डबी मागून घ्या, तिथं सोडून येऊ नका.

एक आई, मानेवाडा, नागपूर