दिवाणाच्या पोटात

परभणी,
रविवार

प्रिय दोस्ता,

नव्या फ्लॅटमध्ये सोफा घ्यावा की दिवाण, असं तू फोनवर विचारलंस. दिवाण घे. गावाकडून चार माणसं मुक्कामाला आली तर सोफ्यावर कुणाला झोपवणार आहेस लेका?

फोन ठेवला आणि मी त्या शब्दाच्याच मागं लागलो. हा शब्द लाकडाचा नाहीच, कागदाचा आहे. मूळ फारसी, आणि त्याच्या पोटात ‘दिपि’ म्हणजे लिखाण हा जुना इराणी शब्द. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘धर्मलिपी’ऐवजी ‘ध्रमदिपि’ कोरलंय. म्हणजे आपली लिपी आणि दुकानातला दिवाण एकाच भावकीतले! सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही सुरू केली, ती दिवाण. पुढं वही ठेवायची कचेरी दिवाण झाली, कचेरी चालवणाराही दिवाण. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ निजामाचे दिवाण होते. आपल्या खापरपणजोबांचा सारा त्यांच्याच अमलात वसूल झाला असणार.

शायराच्या वहीलाही दिवाणच म्हणतात. वली औरंगाबादीचा दिवाण १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणारे तिथले शायर आपल्या दख्खनच्या बोलीकडं वळले. दुसऱ्या कुणाच्या मुलखातलं असतं तर चौकाचौकात फलक लागले असते. आपल्याकडं वली म्हटलं की पीर समजून लोक दर्गा शोधतात.

बसायचा दिवाण तुर्कांकडचा. दरबारात भिंतीलगत गाद्या-लोड मांडून मंत्री बसायचे, त्या मंडळाचं नाव बैठकीला चिकटलं. ती युरोप फिरून फर्निचर म्हणून आपल्याकडं आली.

आपल्या लोकांना धडकी मात्र ‘दिवाणी’ची. १७६५ मध्ये बादशहा शाह आलमनं कंपनीला बंगालची दिवाणी दिली, ती महसूल गोळा करायची. पैशाअडक्याचे, जमिनीचे दावे ज्या अदालतींत चालले त्याही मग दिवाणी. बांधावरून कुणी भांडायला उठलं की आमचे आजोबा म्हणायचे, “डोकं फोडून घे बाबा, पण दिवाणीत जाऊ नको.” त्यांनी स्वतः ऐकलं नाही, हा भाग वेगळा. आमच्या दिवाणाची पेटी उघडलीस तर वर आईच्या वाकळा, आणि खाली सातबारे, फेरफार, वकिलाच्या पावत्या, दाव्याच्या नकला. खलिफाचा कारकून आला तर कुठं काय ठेवलंय हे विचारणारसुद्धा नाही.

म्हणून पेटीचाच घे, आणि झाकण एका माणसाला उचलतंय का ते दुकानातच बघ.

एक काम कर. तुझ्या बाबांनी मोंढ्यात आडतीवर हयात घालवली. तिथं वह्या लिहिणाऱ्याला दिवाणजी म्हणत की मुनीम, आणि दोन्ही असले तर मोठा कोण, हे त्यांना विचारून लिही. आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त