मनगटाला कळलेली बंडी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण अमरावतीहून येऊन आमच्या गावात चार दिवस राहिलात, त्याला आता एक हंगाम उलटला. आभार मानायचे राहूनच गेले होते. हे पत्र मी नातवाकडून लिहून घेत आहे आणि ते सर्वांना वाचता यावे असे मुद्दाम ठेवले आहे, कारण आपण मला अडथळा सांगणारा मनगटी पट्टा वापरायला कसे शिकवलेत हे इतरांनाही कळायला हवे.

काचबिंदूने दृष्टी गेल्यावर मी पांढऱ्या काठीने चालायला शिकलो. खालचा दगड, नाली, पायरी काठी नेमकी सांगते. कमरेच्या वरचे मात्र तिला कळत नाही. उलाळ, म्हणजे मागे कलवून पुढचा भाग वर ठेवलेल्या बंडीखालून (बैलगाडीखालून) काठी मोकळी निघून गेली आणि जू कपाळावर बसले, तेव्हापासून घरच्यांनी मला पांदणीने, म्हणजे शेताच्या वाटेने, एकटे जाऊ देणे बंद केले होते.

आपण आणलेला मनगटी पट्टा माणसाला ऐकू न येणारा आवाज पुढे सोडतो आणि तो वस्तूवर आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. दोन मीटरवरच्या भिंतीसाठी हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोडाच अधिक असतो, आणि वस्तू जवळ येईल तशी मनगटावरची थरथर दाट होत जाते. हे यंत्र बोलत का नाही, असे मी विचारले तेव्हा आपण म्हणालात की कान मोकळे राहिले पाहिजेत. ते मला लगेच पटले. बैलाची घंटा, मागून येणारा ट्रॅक्टर, कुणाची हाक, आमचा निम्मा रस्ता कानांनीच कळतो.

आपला सर्वांत मोठा उपकार म्हणजे यंत्राचा कमीपणा आपण लपवला नाही. दुसऱ्या दिवशी आपण मला घरातल्या कापसाच्या गंजीसमोर उभे केलेत. भिंतीपाशी दोन पावले आधीच थरथरणारा पट्टा तिथे हात कापसात जाईपर्यंत जवळजवळ गप्प होता, कारण मऊ कापूस आवाज गिळून टाकतो. कापूस भरलेल्या गाडीजवळ या पट्ट्यावर विसंबू नका, हे मला शब्दांनी सांगितले असते तर मी विसरलो असतो; हाताला लागलेला तो कापूस मी विसरणार नाही.

खड्डा पट्ट्याला कळत नाही, म्हणून काठी सोडायची नाही, हेही आपण बजावलेत. दिल्लीच्या आयआयटीचे २०१४ मध्ये आलेले स्मार्टकेन हे असेच यंत्रसुद्धा काठीलाच बसवतात, हे आपणच सांगितलेत. गल्लीत पट्टा सारखा थरथरू लागला तेव्हा आपण त्याचा पल्ला एक मीटरवर आणलात आणि पांदणीसाठी तो वाढवायला मला शिकवलेत. चौथ्या दिवशी आपण दहा पावले मागे राहून एक शब्दही न बोलता माझ्यासोबत शेताच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) आलात. वाटेत मनगट थरथरले, मी थांबलो, हात वर केला आणि बोटांना बंडीचे जू लागले. त्या वेळी मला काही बोलता आले नाही, म्हणून आज लिहितो आहे.

सध्या वेचणी सुरू आहे आणि मी रोज सकाळी एकटा शेतात जातो. आपण पुन्हा याल तेव्हा फाट्यावर आपल्याला घ्यायला मी येईन.

आपला ऋणी,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कास्तकार