तन्मयसाठी कलमं तारण ठेवू नका

श्टुटगार्ट

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

तन्मयचं नर्सिंग संपत आलंय, एजंट मागे लागलाय, म्हणून वेंगुर्ल्याची कलमं तारण ठेवून कर्ज काढतो, असं बाबा म्हणाले. कृपा करून तसं करू नका.

पदवी असली की जर्मनीत नोकरी ठेवलेलीच, हे एजंटचं बोलणं अर्धंच खरं. इथे परवान्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. परवाना देताना सरकारी कचेरी आपलं शिक्षण त्यांच्या 3 वर्षांच्या शिक्षणाशी ताडून बघते: कुठला विषय किती तास, कुठल्या वॉर्डात किती तास. 2020 पासून इथे सामान्य, लहान मुलांचं आणि वृद्धांचं नर्सिंग एकत्रच शिकवतात. माझे वृद्धांच्या देखभालीचे तास कमी भरले. आपल्याकडे पेशंटला पुसणं, भरवणं बहुतेक घरची माणसं करतात, इथे ते नर्सचंच काम. अशी तूट प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढावी लागते आणि तोवर पगार मदतनिसाचा. त्या पगारात कर्जाचे हप्ते भरणारी आपली मुलं मी बघते, जीव तुटतो.

रत्नागिरीचा एकजण इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या कामाला परवाना लागत नाही, त्याचं इंग्रजीवर भागतं. त्याच्याकडे बघून तन्मयचा हिशेब मांडू नका.

नर्सला बहुतेक ठिकाणी बी-दोन पातळीचं, म्हणजे कामात सहज बोलता-लिहिता येईल एवढं, जर्मन लागतं. ए-दोनवर, म्हणजे जुजबी भाषेवर, पाठवतो, पुढचं तिथे शिकेल, असं एजंट म्हणतो. रात्रपाळ्या करून भाषा शिकणं फार जड जातं. आमच्या वॉर्डात सीरियाची एक बाई आहे, तिकडे डॉक्टर होती. डॉक्टरांना वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा असते. ती पास होईपर्यंत ती आमच्याबरोबर चादरी बदलते. एवढं शिकलेली बाई!

तन्मयने आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करावी. विषय आणि तासांची यादी कॉलेजकडून सहीशिक्क्यानिशी आत्ताच मागून घ्यावी, नंतर खेटे पडतात. मग पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन बी-दोनपर्यंत शिकावं. फी मी पाठवीन. इथे नर्सेसची टंचाई आहे, वर्षभर थांबल्याने त्याची संधी जाणार नाही. बाबा, एजंटला बयाणा दिला नसेल तर देऊ नका. तन्मयला रविवारी मला फोन करायला सांगा.

तुमची,
सुमी